मायटर्ड चौकोनांचं ब्लँकेट: सुटे विणून शिवायचं की जोडत जोडत विणायचं?

मायटर्ड चौकोन, म्हणजे मधोमध टाके कमी करत विणलेला आणि कर्णावर रेघ उमटणारा चौकोन, विणायला शिकणं अवघड नाही. सुलट टाका आणि मधोमध तीन टाक्यांचा एक करणं, एवढंच त्यात आहे. खरा निर्णय पहिल्या चौकोनानंतर येतो. असे पंचवीस, पन्नास, ऐंशी चौकोन सुटे विणून शेवटी शिवायचे, की पुढच्या चौकोनाचे टाके आधीच्या चौकोनाच्या कडेवरून उचलत ब्लँकेट सलग वाढवत न्यायचं? दोन्हींतून निघणारं ब्लँकेट लांबून सारखंच दिसतं, पण ते विणतानाचे महिने फार वेगळे जातात. रंगांची मांडणी आणि सुयांची लांबी यावरच ठरते, म्हणून लोकर आणण्याआधीच याचा विचार करावा.

आधी चौकोन समजून घेऊ. ४१ टाके घाला. पहिली सुई, म्हणजे टाक्यांची पहिली ओळ, पूर्ण सुलट विणा. दुसऱ्या सुईवर १९ सुलट, मधल्या तिघांचा एक, पुन्हा १९ सुलट. तिसरी पूर्ण सुलट. चौथीवर १८, तिघांचा एक, १८. असे दर दुसऱ्या सुईला दोन टाके कमी होत शेवटी एकच टाका उरतो. सगळ्या सुया सुलट विणल्यामुळे दोन सुयांची मिळून एक उंचवट्याची रेघ दिसते, आणि ती रेघ साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकीच उंच असते. म्हणून तुकडा मोजपट्टी न लावता चौकोनी होतो. ४१ पासून १ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज ४४१ येते, म्हणजे बरोबर २१ चा वर्ग. यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट अशी की पहिल्या सहा रेघांत २१६ टाके होऊन जातात, म्हणजे जवळजवळ अर्धा चौकोन तिथेच संपतो. पुढच्या पंधरा रेघा क्रमाने छोट्या होत जातात. थकलेल्या संध्याकाळी हे फार उपयोगी पडतं.

मधले तीन टाके कसे एकत्र करता यावर कर्णाची रेघ अवलंबून आहे. तिन्ही एकदम सुलट विणले तर ती जराशी बसकी आणि एका बाजूला झुकलेली दिसते. दोन टाके एकत्र, सुलट विणायला घेतो तसे, न विणता उतरवून घ्यायचे, तिसरा विणायचा आणि उतरवलेले दोन्ही त्याच्यावरून काढायचे, असं केलं तर मधला टाका सरळ उभा राहतो आणि कोपऱ्याकडे जाणारी धारदार रेघ उमटते. मी दुसरीच पद्धत सुचवेन. हाताला बसायला एक-दोन चौकोन जातात, पण ब्लँकेटचं सारं सौंदर्य त्या रेघेत आहे.

सुटे चौकोन

सुट्या चौकोनांचा पहिला फायदा म्हणजे ते कुठेही नेता येतात. आखूड सुया, एक छोटा गुंडा, पर्समध्ये सगळं मावतं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की ठाण्यापासून सीएसएमटीपर्यंत निम्मा चौकोन आरामात होतो. मांडीवर वजन येत नाही, आणि मे महिन्यात विणणाऱ्याला हा मुद्दा लहान वाटणार नाही. एखादा चौकोन बिघडला तर तेवढाच उसवायचा. रंग शेवटी, सगळे तुकडे जमिनीवर पसरून ठरवता येतात. कर्ण एकाच दिशेला ठेवायचे, की चार-चार चौकोनांचे कोपरे मध्याकडे आणून एकात एक बसलेले चौकोन तयार करायचे, हेही तेव्हाच ठरवलं तरी चालतं.

अनेक हातांनी मिळून करायचं असेल तर हाच एक मार्ग आहे. चेन्नईत २०१६ साली ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं ब्लँकेट करून गिनीज विक्रम नोंदवला, तो वेगवेगळ्या घरांत तयार झालेले तुकडे एकत्र जोडूनच. आत्या, मावशा, वहिनी मिळून येणाऱ्या बाळासाठी काही करणार असतील तर त्यांना सुटेच चौकोन वाटून द्या. फक्त प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाचा चौकोन १० सेंटीमीटर येईल, कुणाचा ११. घट्ट विणणारीला एक नंबर जाड सुया द्याव्या. आपल्याकडच्या जुन्या मोजणीत नंबर जितका लहान तितकी सुई जाड असते (८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन), एवढं मात्र सगळ्यांना सांगून ठेवा.

आता तोटा, आणि तो मोठा आहे. १० सेंटीमीटरचे ८१ चौकोन घेऊन ९० बाय ९० चं बाळाचं ब्लँकेट करायचं म्हटलं तर आतल्या शिवणींची लांबी १४ मीटर ४० सेंटीमीटर होते. शिवाय प्रत्येक चौकोन एकाच रंगाचा असला तरी सुरुवातीचं आणि शेवटचं मिळून १६२ टोकं लपवायची. प्रत्येक चौकोनात दोन रंग घातलेत तर त्याच्या दुप्पट. कपाटात पिशवीभर चौकोन वर्षानुवर्षं पडून राहतात ते विणण्याच्या कंटाळ्याने नाही, या शिवणींच्या धास्तीने. सुटेच करायचे असतील तर चौकोन मोठा घ्या. त्याच जाडीच्या लोकरीत ७३ टाक्यांचा चौकोन १८ सेंटीमीटरच्या आसपास येतो. मग त्याच मापाच्या ब्लँकेटला पंचवीसच चौकोन लागतात, टोकं पन्नासवर येतात आणि शिवण निम्मी होते. लोकर जवळपास तेवढीच लागते.

टाके उचलत जाणं

दुसऱ्या पद्धतीत पहिला चौकोन वेगळा विणतात. त्याच्या शेजारच्यासाठी त्याच्या कडेवरून २० टाके उचलायचे, प्रत्येक उंचवट्याच्या रेघेतून एक, आणि उरलेले २१ नवे घालायचे. चौकोनांच्या दुसऱ्या ओळीपासून आतल्या चौकोनाला २० एका शेजाऱ्याकडून, एक कोपऱ्यातून, २० दुसऱ्याकडून. बाकी विणकाम तेच. प्रत्येक सुईचा पहिला टाका न विणता उतरवून घेतलात तर कडेला साखळी तयार होते आणि उचलणं अगदी सोपं जातं. युरोपात या जोडत जाण्याला ‘डॉमिनो विणकाम’ म्हणतात. जर्मनीचे हॉर्स्ट शुल्झ आणि त्यांच्याकडून शिकलेल्या डेन्मार्कच्या व्हिवियन हॉक्सब्रो यांनी ते घरोघरी नेलं.

इथे शिवण शून्य. शेवटचा चौकोन झाला, भोवती काठ विणला की ब्लँकेट तयार. रंग बदलत जाणारी लोकर असेल तर धागा तोडायचीही गरज नाही: उरलेला शेवटचा टाका सुईवर तसाच ठेवून तोच पुढच्या चौकोनाचा पहिला टाका धरायचा. मोज्यांच्या उरलेल्या बारीक लोकरीसाठी याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. आणि ब्लँकेट रोज थोडं मोठं झालेलं दिसतं. सुट्या चौकोनांच्या ढिगाकडे बघून तो आनंद मिळत नाही.

पण मधल्या चौकोनातली चूक नंतर सापडली तर ती दुरुस्त करायला आजूबाजूचं बरंच काही उसवावं लागतं. रंग आधी ठरवावे लागतात, निदान एक ओळ पुढचा विचार हवा. कर्णांच्या दिशा मनासारख्या फिरवायच्या तर चौकोनांचा क्रम कागदावर काढून घ्यावा लागतो. निम्म्यानंतर सगळं ओझं मांडीवर येतं. लोकर किती लागेल आणि ओझं किती होईल याचा अंदाज घ्यायला एक चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि चौकोनांच्या संख्येने गुणा. डबल निट म्हणून मिळणाऱ्या मध्यम जाडीच्या लोकरीत बाळाचं ब्लँकेट चारएकशे ग्रॅमचं होईल, एका माणसाच्या पलंगाचं दीड किलोच्या जवळ जाईल. दीड किलोचं ॲक्रिलिक मांडीवर घेऊन नागपुरातल्या एप्रिलमध्ये बसवणार नाही. अशांनी चार पट्ट्या स्वतंत्र, पण प्रत्येक पट्टी आतून जोडत विणावी. शेवटी फक्त तीन लांब शिवणी राहतात. मोठ्या ब्लँकेटसाठी मला हाच मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो.

मायटर्डच हवं का?

लॉग केबिन ही मायटर्डची जवळची बहीण. अमेरिकेतल्या क्विल्टच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीच्या, मांडणीवरून ती विणकामात आली. मधल्या चौकोनाभोवती एकेक पट्टी टाके उचलून विणत जायची. तिघांचा एक करणंही नाही, शिवणही नाही. मात्र इथे सुया शेवटाकडे लांबच लांब होत जातात, म्हणजे मायटर्डच्या नेमकं उलट. पटकन संपणारे छोटे टप्पे ज्यांना बळ देतात, त्यांनी इकडे वळू नये.

क्रोशाचा ग्रॅनी चौकोन या सगळ्यांहून लवकर होतो आणि जाळीदार असल्याने मुंबई-कोकणात खरोखर पांघरता येतो. आकडीवर एकच टाका असतो, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर सुईवरून टाके निसटण्याची भीती नाही. पण सुलट विणीची भरीव ऊब आणि कर्णाची ती रेघ त्यात मिळत नाही. पांघरूण पुण्याच्या डिसेंबरसाठी किंवा परदेशातल्या नातवंडासाठी असेल तर विणलेलंच बरं.

लोकरीबद्दल थोडक्यात. बाळासाठी आणि मशीनमध्ये धुण्यासाठी ॲक्रिलिक घ्या. ते पावसाळ्यातही लवकर वाळतं, पण त्यावर गरम इस्त्री कधीच फिरवू नका, कापड कायमचं लुळं पडतं. खरी लोकर जास्त सुंदर बसते, पण तिला कसर लागते आणि गरम पाण्यात ती आटते. एकाच ब्लँकेटमध्ये दोन्ही मिसळू नका. जोडत विणलेल्यात तर मुळीच नाही, कारण आटलेला चौकोन शेजाऱ्यांनाही ओढतो आणि तो काढून बदलता येत नाही.

अजूनही मन ठरत नसेल तर पहिले चार चौकोन जोडत विणा. टाके उचलताना हात रेंगाळत असेल, दर वेळी मोजावं लागत असेल, तर त्या चौघांना एक मोठा चौकोन धरा, त्याच मापाचे बाकीचे सुटे विणा आणि शेवटी शिवा. उचलणं आवडलं तर त्याच्याच कडेवरून पाचवा सुरू करा.