१९०९ च्या दिवाळी अंकातले कैलासवासी गोखले

‘दर्पण’चा १८३२ चा अंक विकायला आहे असं कोणी सांगितलं तर जुनी नियतकालिकं जमवणारा माणूस हसून पुढे जातो. ‘केसरी’चा ४ जानेवारी १८८१ चा पहिला अंक म्हटलं तरी तेच. गाजलेल्या अंकांच्या प्रतिकृती प्रदर्शनं आणि स्मरणिकांच्या निमित्ताने छापल्या जातात आणि पुढे त्याच ‘अस्सल’ म्हणून फिरतात, हे या वर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक म्हटलं की गोष्ट वेगळी होते. का. र. मित्रांचं हे मासिक १८९५ साली निघालं, घरोघरी गेलं, लोकांनी वर्षावर्षाचे अंक बांधून ठेवले. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून १९०९ च्या अंकाचं नाव घेतलं जातं. म्हणजे हवा तर सगळ्यांना आहे, आणि एखाद्या माळ्यावर निघूही शकतो. अशक्य नाही, फक्त अवघड. फसवणाऱ्याने नेमकी हीच जागा हेरली होती. माझे २२,००० रुपये त्यात गेले. ही मंडळी अजून माल विकताहेत, म्हणून काय झालं ते सविस्तर लिहितो.

विक्रेता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका गटात होता. जुनी पुस्तकं, नाण्यांच्या याद्या, लग्नपत्रिका, काडेपेट्यांची लेबलं, काय वाटेल ते तिथे येतं. या गृहस्थाचा माल मात्र निवडक असे आणि बोलणं मोजकं. पहिल्यांदा मी त्याच्याकडून ‘करमणूक’चे सुटे अंक घेतले. हरिभाऊ आपट्यांचं हे साप्ताहिक बऱ्यापैकी मिळतं, भावही डोईजड नसतो. अंक पाठवण्याआधी त्याने आपण होऊन सांगितलं, “सर, तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान अर्धं नाहीये आणि एकाला ओल लागलीय. बघा, नंतर बोलू नका.” पार्सल आलं तेव्हा दोष अगदी सांगितल्याबरहुकूम होते. असा विक्रेता विरळा! त्यानंतर काही जुनी पंचांगं घेतली, तीही ठीक. आता कळतं की हा सगळा व्यवहार म्हणजे त्याची गुंतवणूक होती. आपल्या मालातला दोष आपणच दाखवणाऱ्यावर पुढच्या वेळी कोण संशय घेणार?

मग वाडा आला. या धंद्यात वाडा नेहमीच येतो. कुठल्याशा गावातला तीन चौकी वाडा, बिल्डरने दिलेली मुदत, मुलं पुण्या-मुंबईला, आजोबांची पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत ‘मनोरंजन’चे अंक आणि त्यात ‘तो’. हे सगळं फोनवर. लिहून काहीच नाही. शिवाय न्यू जर्सीतले एक मराठी गृहस्थ डॉलरमध्ये पैसे द्यायला बसलेत, “पण सर, तुमच्यासारख्या जाणकाराकडे राहावं असं मला वाटतं.” इथे परदेशी वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. ऐतिहासिक मोलाचं, पंचाहत्तर वर्षांहून जुनं कागदपत्र १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं, आणि मग ते परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा इथल्या गिऱ्हाइकाला तुमचं नाव सांगून घाई करतात आणि तुम्हाला आमचं नाव सांगून. माल मात्र तुमच्यापर्यंत पोचवणं तितकं सोपं नसतं.

फोटो मागितले. आले, पण मुखपृष्ठाचे आणि पहिल्या चार-पाच पानांचे. आतली पानं उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला, “शिवण सुटेल. कागद पापडासारखा झालाय, तुम्हाला माहितीच आहे.” आणि खरंच मला माहिती होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिंध्यांच्या कागदाऐवजी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद छपाईत आला. त्यातल्या आम्लामुळे तो पिवळा पडतो, घडीवर तुटतो. म्हणून १८४० चा अंक कधीकधी १९२० च्या अंकापेक्षा धडधाकट असतो. विक्रेत्याने दिलेली सबब शास्त्रशुद्ध होती, आणि ज्याला विषय थोडाफार कळतो त्याला तर ती जास्तच पटते.

पार्सल आलं. मी आधी अंधार करून अतिनील टॉर्च मारला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी रसायनं घालतात, त्यामुळे तो कागद या प्रकाशात निळसर चमकतो. जुना कागद मंदच राहतो. इथे मुखपृष्ठापासून शेवटपर्यंत काहीच चमकलं नाही. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद सगळीकडे सारखाच तपकिरी दिसतो. हा मात्र कडांना गडद आणि मध्ये फिकट होता, असायला हवा तसाच. वासही बरोबर. बहुतेक जण तपासणी इथेच थांबवतात, आणि कागदापुरती ती चुकीचीही नसते, कारण कागद खराच जुना होता.

अंक वाचायला घेतला तो आपला आवडीने. तिसऱ्या-चौथ्या लेखात एका पुण्याच्या संस्थेचा उल्लेख होता आणि त्यात ओळ अशी की ‘कै. नामदार गोखले यांनी’ अमुक केलं. मी पुढे गेलो, मग मागे आलो. गोपाळ कृष्ण गोखले वारले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी. १९०९ च्या दिवाळीत टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि गोखले चांगले हयात. त्यांना पाच वर्षं आधीच कैलासवासी करण्याचं संपादक मित्रांना काही कारण नव्हतं.

मग भिंग घेऊन पानापानाला बसलो. पहिल्या पानांवर उजव्या कोपऱ्यात कसरीने पाडलेलं एक भोक दिसत होतं. बोट फिरवलं तर कागद सलग! भोक छापलेलं होतं. कोणत्या तरी अंकाच्या स्कॅनमधलं भोक, त्याच्या कडेच्या सावलीसकट. खालचा पाण्याचा डागही तसाच, पुढून दिसणारा आणि पान उलटल्यावर गायब. खऱ्या ओलीचा डाग कागदाच्या आरपार जातो आणि शेजारच्या पानांवर फिकट होत होत उतरतो. इथे तो एकाच बाजूला, रांगोळीसारखा वर वर काढलेला. अक्षरांच्या कडा भिंगाखाली विस्कटलेल्या, आणि काळ्या शाईत बारीक निळे-गुलाबी ठिपके. जुन्या काळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छापत. खिळा कागदात किंचित रुततो, शाई अक्षराच्या काठाशी जरा दाट होते आणि पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं की ओळी हाताला लागतात. मागच्या पानांवर ते सगळं होतं. पुढची पानं गुळगुळीत.

हयात छापखान्यात घालवलेल्या एका स्नेह्यांकडे अंक नेला. त्यांनी छपाईकडे पाहिलंसुद्धा नाही. शिवणीपाशी अंक उघडला आणि म्हणाले, “अहो, फर्मा मोडलाय हा.” मासिक सुट्या पानांचं बनत नाही. मोठ्या तावावर आठ किंवा सोळा पानं छापून तो दुमडतात, तो झाला फर्मा. आठ पानी फर्म्यात पहिलं आणि आठवं पान एकाच कागदाची दोन टोकं असतात. त्यामुळे पहिलं पान मधून बदलता येत नाही, बदललं तर कुठेतरी चिकटवावंच लागतं. आमच्या अंकात मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं सुटी करून खळीने डकवली होती, आणि त्यांच्या जोडीची पानं शिवणीत नुसती अर्धवट लटकत होती. दोऱ्याची भोकं पुढच्या पानांत एक रेष खाली. स्नेही म्हणाले, “काम वाईट नाही. बाइंडिंगचा हात आहे कोणाचा तरी.” त्यांच्या बोलण्यात थोडं कौतुकही होतं. मला ते तेव्हा आवडलं नाही.

तर बनवाबनवी अशी होती. १९१५ नंतरचा, मुखपृष्ठ गेलेला, म्हणून जवळपास कवडीमोल असलेला ‘मनोरंजन’चा खरा अंक घ्यायचा. इंटरनेटवर कुठे ना कुठे १९०९ च्या अंकाच्या पानांची चित्रं मिळतात. ती जुन्या जमाखर्चाच्या वहीतल्या कोऱ्या कागदावर छापायची, अशा वह्या जुन्या बाजारात किलोवर मिळतात. मग डकवायची. कागद जुना, अंग जुनं, फक्त चेहरा नवा. पूर्ण बनावट अंकापेक्षा हे जास्त घातक आहे, कारण तपासणारा जिथे हात घालेल तिथे बहुतेक वेळा खरंच हाताला लागतं.

विक्रेत्याला फोन केला. आधी आश्चर्य, मग “ट्रंकेत जसा निघाला तसा दिला सर, आजोबांनीच कोणाकडून घेतला असेल,” मग “जुन्या मालाला गॅरंटी नसते.” गोखल्यांचं सांगितल्यावर नंबर बंद. पैसे गेले होते ते त्याच्या नव्हे, दुसऱ्याच कोणाच्या नावावरच्या खात्यात. ‘भाच्याचा क्यूआर आहे, त्यावर टाका’ असा तो प्रकार. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते गोठवण्याची शक्यता असते, इथे ते केव्हाच काढले गेले होते. पोलिसांत गेल्यावर पहिला प्रश्न आला, “वस्तू मिळाली ना?” मिळाली. “मग त्याने १९०९ चा अंक देतो असं कुठे लिहिलंय?” मी सगळे मेसेज चाळले. ‘मनोरंजन दिवाळी अंक, जुना, जसा आहे तसा’ एवढंच लिहिलेलं. साल प्रत्येक वेळी फोनवर. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं आहे, पण फसवण्याचा हेतू दाखवायला काहीतरी कागद लागतो. तक्रारअर्ज घेतला गेला, पुढे काही हललेलं नाही.

याहून जास्त त्रास दिला तो त्याच्या ‘प्रामाणिक’ मालाने. संशय आल्यावर मी आधीचे ‘करमणूक’चे अंक पुन्हा काढले. एकाच्या आतल्या पानावर जांभळ्या शिक्क्याचा अर्धा गोल होता, बाकीचा पात्याने खरवडलेला. ‘वाचना...’ एवढं वाचता येत होतं, खाली गावाच्या नावाची दोन अक्षरं. ओल लागली म्हणून सांगितलेला डाग होता तो शिक्का धुवायच्या प्रयत्नाचा. ग्रंथालयं जुना माल काढून टाकतात, तेव्हा त्यावर तसा शेरा असतो, रजिस्टरमध्ये नोंद असते. इथे कसलाच शेरा नव्हता. अंदाजाने त्या गावच्या वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी दाखल नोंदवही काढली, अंकांची नोंद होती, कपाट रिकामं होतं, आणि कोण कधी घेऊन गेलं हे कोणालाच माहीत नव्हतं. अंक त्यांच्या हवाली करून पोच घेतली. पैसे मागण्याचा प्रश्नच नव्हता. ‘करमणूक’ विकत घेताना मी भाव पडताळला, पानं मोजली, पण शिक्का कुठे आहे हे पाहिलं नव्हतं. आता आधी तेच पाहतो. शीर्षकपान, अठरावं-एकोणिसावं पान, शेवटचं पान. बरीच वाचनालयं आत ठरलेल्या एका पानावर गुपचूप शिक्का मारून ठेवतात, आणि चोराला तो सापडतोच असं नाही.

ज्यांना असे अंक घ्यायचे आहेत त्यांनी ठाण्याचं किंवा मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्थांत चौकशी करावी. हवा तो अंक तिथे बघायला मिळाला तर आकार, पानांची संख्या आणि जाहिराती टिपून घ्याव्यात. जाहिराती खास करून. बनवणारे लेख नीट उचलतात, जाहिरातींकडे त्यांचं दुर्लक्ष होतं. ‘केसरी’चे १२ मे आणि ९ जून १९०८ चे, म्हणजे ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांचे, अंक कोणी देऊ केले तर आणखी सावध. त्या लेखांवर टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, म्हणून त्यांना भाव आहे, आणि गिऱ्हाईक नेमका अग्रलेखच वाचतं, बाकीची पानं नाही.

सध्या याच गटांवर ‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकाची कुजबुज आहे. त्यातला मजकूर महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपाने पुन्हा छापलेला आहे, तेव्हा वाचायला तो कोणालाही मिळतो, आणि बनवणाऱ्यालाही. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाला तो अंक ४०,००० ला देऊ केला होता. त्याने एवढंच मागितलं की उजेड आडवा पाडून मागच्या पानाचा एक फोटो, शिवणीचा एक फोटो, आणि ‘३१ जानेवारी १९२० ची मूळ छापील प्रत, पूर्ण’ असं लिहून एक मेसेज पाठवा. उत्तर आलं, “सर, अंक कालच गेला.” दोन दिवसांनी तो दुसऱ्या गटावर होता, ४५,००० ला, नवीन नंबरवरून, आणि वाडा या वेळी साताऱ्याकडचा.