सांगलीतली 36 तासांची खुली हॅकेथॉन, आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

स्टार आधीच सांगून टाकतो, चार. एक का कापला ते पुढं येतंयच. हॅकेथॉन म्हणजे ठरलेल्या तासांत टीमनं एखाद्या अडचणीवर उपाय बनवून दाखवायची स्पर्धा. मी कुपवाडला मोटर वायंडिंग आणि पॅनलचं काम करतो, कॉलेज सुटून पंधरा वर्षं झाली, भाची डिप्लोमाला आहे तिनं फॉर्म भरला आणि म्हणाली मामा तू पण चल, वयाची अट नाहीय. खरंच नव्हती. विषयाचीही नव्हती. लोकांच्या उपयोगाचं काय पण करा, फक्त टीममध्ये एक तरी माणूस असा पाहिजे ज्याला तो त्रास स्वतःला होतोय, एवढीच अट. ही एक ओळ ज्यानं कुणी लिहिली त्याला माझा मनापासून नमस्कार, कारण आमचं पुढचं सगळं त्या ओळीमुळं झालं.

त्या अटीपायी आम्ही हरिपूरच्या एका तात्यांना घेतलं, आयुष्यभर हळदीची हमाली केलेला माणूस. सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं हे सगळ्यांना माहितीय, पण ती हळद पूर्वी ठेवायचे कुठं हे आताच्या पोरांना विचारा. जमिनीखाली पेवं असायची, तोंड अरुंद आणि पोट मोठं, वीसेक फूट खोल. 2005 च्या महापुरात पाणी शिरून त्यातली बरीचशी गेली, आता माल कोल्ड स्टोअरेजला जातो. तर पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, बंद जागेत ऑक्सिजन संपलेला असतो. तोंड काही तास उघडं ठेवायचं आणि मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. तात्यांनी आम्हाला ते हातानं करून दाखवलं, कंदील सोडताना नजर ज्योतीवर, बोटं दोरावर, आणि मधेच म्हणाले, "इझला की वढायचा आन् गप घरला जायाचं, मालक काय बी म्हणू दे."

भाचीचं डोकं तिथंच लागलं. कंदिलाच्या जागी ऑक्सिजन मोजणारा डबा सोडायचा. मी म्हटलं पेवं आता राहिलीत किती, तर तात्याच म्हणाले पेवं नसू दे, हिरी हायत की. आणि खरंय ते, दरवर्षी कुठं ना कुठं मोटर काढायला विहिरीत उतरलेला माणूस आणि त्याला वर काढायला उतरलेला दुसरा, दोघं गेल्याची बातमी येतेच. मी स्वतः मोटरवाला, मला ते वाचून झोप लागत नाही.

आता आयोजकांच्या सामानाबद्दल. टेबलावर आर्डुइनो, ईएसपी 32 (सेन्सर वाचणारे छोटे कॉम्प्युटर बोर्ड), डिस्प्ले, वायरी भरपूर होत्या, सोल्डरिंग गन पण चांगल्या, पण ऑक्सिजनचा सेन्सर नव्हता. तिथल्या एका मार्गदर्शकानं एमक्यू 135 नावाचा हवेतले वायू ओळखणारा सेन्सर हातात दिला, म्हणाला गॅसचाच आहे चालवून घ्या. नाही चालत. तो ऑक्सिजन मोजतच नाही, नुसता आकडा दाखवत बसतो, आणि असल्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणी उतरला तर? शेवटी रात्री दहाला माझ्या ओळखीच्या एका मेडिकल मशीन दुरुस्तीवाल्याकडनं व्हेंटिलेटरला लागतो तसला नवा सेन्सर आणला. तो देतो मिलिव्होल्टमध्ये, ईएसपीला ते नीट वाचता येत नाही म्हणून मधे एडीएस 1115 ही बारीक व्होल्टेज मोजणारी चिप टाकली. भाचीला आकडा वायफायनं मोबाईलवर पाहिजे होता, पण डबा खाली गेला की नेटवर्क तुटायचं, आणि लांब वायरनं थेट मिलिव्होल्ट वर आणायचे म्हटलं तर नुसता नॉइज. मग मी कारखान्यात ड्राइव्हला वापरतो तेच केलं, आरएस 485 म्हणजे लांब वायरवरनं आकडे पाठवायची पद्धत, मोजायचं खालीच आणि दोन वायरवर नुसता आकडा वर. पंचवीस मीटर वायर, एक आकडा इकडचा तिकडं नाही. तीस वर्षांखालच्या पोरांच्या गर्दीत माझं पॅनलचं ज्ञान उपयोगी पडलं याचा आनंद फार मोठा होता, खोटं कशाला सांगू.

टेस्टिंगला पेव कुठलं मिळतंय, तर प्लास्टिकचं पिंप घेतलं, तळाशी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, कार्बन डायऑक्साइड जड असतो तो खालीच बसतो. पिंपाच्या तोंडाशी ऑक्सिजन 20.9 टक्के, म्हणजे साधी मोकळी हवा. दोर सोडत गेलो तसा आकडा उतरायला लागला, 20.3, 19.8, आणि 19.5 ला बझर वाजला कारण ऑक्सिजन त्याच्याहून कमी असेल तिथं माणसानं उतरू नये असं सगळीकडं मानतात. शेजारी मेणबत्ती सोडलेली, ती तेव्हा पण जळतच होती. तात्या बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, म्हणजे कंदील उशिरा सांगतोय व्हय.

जेवणाखाणाचं एका ओळीत, पोटभर आणि गरम, रात्री दोनला चहा आणि भडंग, बायकांसाठी वेगळी खोली आणि रात्रभर बाहेर एक बाई बसलेली, त्यामुळं बहिणीला काळजी नव्हती. कोड आणि डिझाइन आपलंच राहतं, ओपन ठेवायचं का नाही ते आपण ठरवायचं, हे पण आधीच लिहून दिलेलं, चांगलं केलं.

आता खटकलेलं. सादरीकरणाआधी एका मार्गदर्शकानं बाजूला घेऊन सांगितलं की ड्रेनेजच्या चेंबरला पण चालेल म्हणा, विषय मोठा वाटतो, मार्क वाढतील. आम्ही नाही म्हटलं. चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, आमच्या डब्याला तो कळतच नाही, ऑक्सिजन 20.9 दाखवत असताना पण माणूस मरू शकतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणतात पण गॅस जास्त झाला की नाकच बधिर होतं. आणि चेंबरमध्ये माणूस उतरवायचाच कशाला, त्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे. आम्ही शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं, चेंबरसाठी नाही, आणि विहिरीत पण आकडा चांगला आला तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं पाहिजेतच. भाचीच्या मैत्रिणीनं ते वाचून दाखवलं तेव्हा परीक्षकातल्या एक मॅडम लिहून घेत होत्या, ते बरं वाटलं. पण बाकीच्यांचे प्रश्न सगळे किती विकला जाईल आणि कंपनी काढणार का याच्यावर, आणि वेळ फक्त पाच मिनिटं, तात्यांना बोलायला माइक मिळालाच नाही. ज्याला त्रास होतो तो माणूस टीममध्ये पाहिजे म्हणता, मग त्यालाच बोलू द्या की दोन मिनिटं. सर्टिफिकेट पण इंग्रजीत, तात्यांना त्यांचं नाव मीच वाचून दाखवलं.

बक्षीस दुसरं मिळालं. स्टार कापला तो याच्यासाठी नाही, नंतरच्यासाठी. तीन महिने मदत करू असं स्टेजवरनं सांगितलेलं, आम्ही दोन मेल टाकले, अजून उत्तर नाही. डबा सध्या तात्यांकडं आहे, रोज सकाळी अंगणात मोकळ्या हवेत धरून 20.9 येतोय का बघतात, गावातल्या एका विहिरीची मोटर काढताना वापरला पण. पण हे असले सेन्सर कायमचे नसतात, वापरा न वापरा आतलं रसायन संपत जातं, साधारण दोन वर्षांनी नवा टाकावा लागतो आणि त्याला काही हजार लागतात. ते कुणी द्यायचे हेच मेलमध्ये विचारलंय. उत्तर आलं तर पाचवा स्टार देतो, आणि पुढच्या वेळी जाणार असाल तर सेन्सर घरनंच घेऊन जा.