जुनी गाडी देऊन सात सीटर घेताना ‘वरचे किती?’ या एका आकड्यात होणारी फसवणूक

पंधरा-सोळा वर्षं सांभाळलेली सँट्रो द्यायची आणि वापरलेली एर्टिगा घ्यायची. घरात आजी-आजोबा आहेत, दोन मुलं आहेत, सणावाराला गावी जाताना सामान असतं. पाच सीटमध्ये आता भागत नाही. असे व्यवहार रोज होतात आणि त्यात फसलेली माणसंही रोज भेटतात. बहुतेकांना आपण फसलो हे सहा-आठ महिन्यांनी कळतं: जुन्या गाडीचं चलन घरी येतं, किंवा नव्या गाडीचा विमा दावा फेटाळला जातो तेव्हा.

फसवणुकीचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी असतं. विकणं आणि घेणं हे दोन वेगळे व्यवहार एकाच डीलरकडे, एकाच बैठकीत होतात आणि बोलणी फक्त ‘वरचे किती’, म्हणजे जुनी गाडी देऊन वर किती पैसे द्यायचे, यावर होतात.

समजा, बाजारात तुमच्या सँट्रोचे ९०,००० येतात आणि तुम्हाला आवडलेली एर्टिगा ७,००,००० ला मिळते. दोन्ही व्यवहार वेगळे केले तर खिशातून ६,१०,००० जातील. डीलर म्हणतो, “काका, गाडी फुलासारखी ठेवलीत, म्हणून एक चाळीस धरतो. वरचे साडेसहा द्या.” आपल्या गाडीची कदर झाली म्हणून माणूस सुखावतो. पण या हिशेबात एर्टिगा ७,९०,००० ची झाली. पन्नास हजार जास्त मिळाले असं वाटताना प्रत्यक्षात चाळीस हजार जास्त गेलेले असतात. जी गाडी आपण जिवापाड जपली, तिचं कौतुक ऐकताना समोरच्या गाडीची किंमत तपासायचं राहून जातं, आणि मुरलेला डीलर ते कौतुक नेमकं त्याच वेळी करतो.

म्हणून जुन्या गाडीचा भाव आधी दोन-तीन ठिकाणी, निव्वळ विकायची म्हणून काढा. एर्टिगाचा भाव जुन्या गाडीचा उल्लेखही न करता विचारा. दोन आकडे दोन वेगळ्या कागदांवर लिहून घ्या. जीएसटीच्या नावाखाली पूर्ण किमतीवर १८ टक्के मागितले तर देऊ नका. वापरलेल्या गाडीवर नोंदणीकृत डीलरला तो कर फक्त स्वतःच्या नफ्यावर भरायचा असतो.

आता सह्यांकडे येऊ, कारण सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. पैसे ठरले की डीलर गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० पुढे करतो. बाजारात यांना टीटी फॉर्म म्हणतात. खरेदीदाराचं नाव, तारीख, सगळं कोरं. “गिऱ्हाईक लागलं की भरून टाकतो,” असं सांगतो. ते गिऱ्हाईक चार महिन्यांनी लागतं, तेही दुसऱ्या जिल्ह्यातला दुसरा डीलर असतो, आणि कोरे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरत राहतात. आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच असता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की, गाडी अनेकदा विकली गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर राहते. नोटरीचा करारनामा तुमचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण त्याने ही जबाबदारी उतरत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून आणखी चांगली सोय आहे: फॉर्म २९-सी. हा भरून परिवहनच्या पोर्टलवर नोंदला की गाडीचा ताबा डीलरकडे गेल्याची अधिकृत नोंद होते आणि तोच मालक मानला जातो. त्यासाठी डीलरकडे आरटीओने दिलेलं फॉर्म २९-बी चं अधिकारपत्र लागतं. ते दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर त्या माणसाला गाडी देऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे, मग भाव कितीही चांगला असो.

थेट माणसाला विकत असाल तर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर ताबा पावती करा. तीत तारखेबरोबर वेळही लिहा, कारण त्याच दिवशी संध्याकाळी अपघात झाला तर गाडी कोणाच्या ताब्यात होती हे त्या वेळेवरून दाखवता येतं. घेणाऱ्याच्या आधार आणि लायसन्सची प्रत ठेवा. फास्टॅग काचेवरून काढा आणि बँकेकडे बंद करा. नुसता फाडून चालत नाही. नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत वाहन नोंदणीतला तुमचा मोबाइल नंबर कोणाला बदलू देऊ नका, म्हणजे चलनाचे मेसेज तुम्हाला येत राहतील. गाडी भंगारात देणार असाल तर गल्लीतल्या भंगारवाल्याला नको. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या, गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याचं पाहा.

आणखी एक गोष्ट डीलर स्वतःहून क्वचितच सांगतो. दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, म्हणजे एनसीबी, गाडीची नसते, मालकाची असते. सलग पाच वर्षं दावा नसेल तर ती ५० टक्क्यांपर्यंत जाते. गाडी विकताना विमा कंपनीकडून एनसीबी पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती सूट लागू होते.

घ्यायच्या गाडीकडे वळू. एर्टिगा आणि इनोव्हा या टॅक्सीत सर्वाधिक चालणाऱ्या गाड्यांपैकी आहेत. तीन वर्षांत दोन लाख किलोमीटर पळालेली गाडी पिवळी पाटी उतरवून, नियमाने किंवा नियमाबाहेर, घरगुती म्हणून विकली जाते आणि मीटर ५०,००० च्या आसपास आणून ठेवलेलं असतं. डिजिटल मीटर मागे नेणं हे लॅपटॉप लावून करायचं थोड्या वेळाचं काम आहे. त्यामुळे मीटरवरचा आकडा हा पुरावा धरू नका.

पुरावा बाकी गाडीत असतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी ३५,००० चालली असं सांगतात आणि चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले हे विचारा. एर्टिगाची स्टेपनी मागे खालून टांगलेली असते. वाकून तिचीही तारीख आणि झीज बघा. घरगुती गाडीत ड्रायव्हरची सीट सर्वांत जास्त बसकी होते आणि तिसरी रांग जवळपास कोरी राहते. मधल्या सीटची किनार, तिसऱ्या रांगेचे बेल्ट आणि मागच्या दरवाज्यांची हँडल घासलेली असतील तर गाडीने भाडं मारलेलं आहे. डॅशबोर्डखाली कापलेल्या वायरी, वेग ८० ला बांधणाऱ्या यंत्राच्या किंवा जीपीएसच्या जागेचे स्क्रू, छतावर कॅरियरची बुजवलेली भोकं हेही शोधा.

याहून पक्कं म्हणजे कागद. विकणाऱ्याकडून फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. रोज त्याच टोलनाक्यावरून दोन-चारदा जाणारी गाडी शाळेत मुलं सोडत नव्हती. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन आधीच्या सर्व्हिसचं रीडिंग विचारा. मालक सोबत असेल तर माहिती सहसा मिळते. मारुतीची सर्व्हिस साधारण दर १०,००० ला होते. नोंद ८८,००० वर थांबली असेल आणि आज मीटर ५४,००० दाखवत असेल, तर तो कागद तक्रारीसाठीही उपयोगी पडतो. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकून चलनं पाहा. पैसे किती थकलेत याबरोबरच गाडी कोणत्या शहरात, कोणत्या वेळी फिरत होती हेही त्यातून कळतं.

पुरात बुडालेल्या गाड्या वेगळ्या आहेत, आणि जास्त धोकादायक. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड भागात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि ती लिलावात जाते. घेणारे ती धुऊन, नवी सीट कव्हरं घालून पुन्हा बाजारात आणतात. इंजिन चालतं, पण गाळ आणि दमट हवा वायरिंगच्या जोडांत राहते. सहा महिन्यांनी एअरबॅगचा दिवा, मग पॉवर स्टीअरिंग, मग एसी. सीट बेल्ट शेवटपर्यंत खेचून बाहेर काढा, आतल्या टोकाला मळकट रेषा दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, जॅकची जागा आणि पायाखालच्या कार्पेटच्या आतला फोम बघा. फ्यूज बॉक्समध्ये हिरवट गंज आहे का पाहा. खूप तीव्र सुगंध मारलेल्या गाडीत काच लावून दहा मिनिटं बसा.

गाडी सकाळी थंड असताना बघायला जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर परत या. धूर, आवाज आणि कमी बॅटरी हे सगळं पहिल्या स्टार्टलाच कळतं. इंजिन चकचकीत धुतलेलं असेल तर तेलगळती दिसत नाही. अशी गाडी अर्धा तास चालवून मग खालून पाहावी. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर आरसीत त्याची नोंद आणि सिलिंडरच्या पाटीवर तीन वर्षांतल्या चाचणीची तारीख हवी; नोंद नसेल तर विमा कंपनी दावा अडवू शकते.

कर्ज असलेली गाडी “मी मिटवून देतो” या शब्दावर घेऊ नका. बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्या, तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा, उरलेली मालकाला द्या. नंतर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. विम्याची पॉलिसी गाडी ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज करा. तोपर्यंत पहिल्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीत तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जातो, आणि “पॉलिसी चालू आहे की” असं सांगणारा डीलर तेव्हा फोन उचलत नाही.

टोकन देण्यापूर्वी डीलरच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्या: मीटर रीडिंग खरं आहे, आधीचे मालक इतके, गाडी टॅक्सीत वापरलेली नाही, पुरात किंवा टोटल लॉसमध्ये गेलेली नाही. खाली सही, शिक्का, आणि यातलं काही खोटं निघाल्यास पूर्ण पैसे परत. प्रामाणिक डीलर हे लिहून देतात. पैसे बँकेतूनच द्या. ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, १९१५ या हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं, आणि फसवणुकीची पोलीस तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते. या तिन्ही ठिकाणी तो चार ओळींचा कागद आणि सर्व्हिस सेंटरची नोंद बरोबर न्या.