न्यू जर्सीचं रिव्हॅल्यूएशन आणि अपील: साडेतीन स्टार, तेही इन्फॉर्मल मीटिंगमुळे

आमच्या टाऊनशिपचं रिव्हॅल (रिव्हॅल्यूएशन, म्हणजे घरपट्टीसाठी सगळ्या घरांच्या किमती नव्याने ठरवणं) झालं, घराची नवी किंमत आली, मी भांडलो, थोडं मिळालं थोडं नाही मिळालं. आता एक गिऱ्हाईक म्हणून या सगळ्या प्रकाराचा रिव्ह्यू देतोय, कारण २०२४ मध्ये न्यू जर्सीतलं घरपट्टीचं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलं, आणि आपण लोक रिव्ह्यू लिहितो ते वीस डॉलरच्या पिझ्झाचे.

पहिलं म्हणजे पत्र आल्यावर ग्रुपवर जी बोंबाबोंब होते ती बंद करा. आमचं जुनं असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली घराची किंमत, २ लाख १० हजार होतं ते ६ लाख ४० हजार झालं, म्हणजे टॅक्स तिप्पट का? नाही हो. गणपतीची वर्गणी एकूण तेवढीच गोळा करायची आहे, फक्त कुणाच्या घरातून किती हे नव्याने ठरतंय. सगळ्या टाऊनच्या किमती तिप्पट झाल्या तर टॅक्सचा रेट साधारण एक तृतीयांशावर येतो आणि तुमचं बिल होतं तिथेच राहतं (शाळेचं आणि टाऊनचं बजेट वाढलं तर ते वाढणारच, त्याचा रिव्हॅलशी संबंध नाही). तुमचं घर टाऊनच्या सरासरीपेक्षा जास्त वाढलं असेल तर फटका, कमी वाढलं असेल तर फायदा. जर्सी सिटीत १९८८ नंतर थेट २०१८ ला रिव्हॅल झालं, तेही राज्य सरकारने बडगा उगारल्यावर, तेव्हा डाऊनटाऊनवाल्यांची बिलं उसळली आणि इतर भागात कित्येकांची उतरली. इतकी वर्षं कोण कुणाचा टॅक्स भरत होतं ते तेव्हा कळलं.

आता सर्विस. टाऊनने नेमलेल्या कंपनीचा माणूस घर बघायला येतो. आमच्याकडे आला तो बूटसुद्धा नीट न पुसता भराभर फिरला, बेसमेंटमध्ये जिन्यावरूनच डोकावला आणि घराच्या नोंदीच्या कार्डावर लिहून गेला फिनिश्ड बेसमेंट (राहण्यासारखं केलेलं), शिवाय तिथे एक फुल बाथ. आमच्या बेसमेंटमध्ये सिमेंटची फरशी, वॉटर हीटर आणि भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा आहेत. याला दोन स्टार. पण तरी दार उघडाच. "आत घेऊ नका, किंमत वाढवतात" असा सल्ला फिरत असतो तो चुकीचा आहे, आत नाही घेतलं तर ते बाहेरून अंदाज बांधतात आणि तो अंदाज तुमच्या बाजूने कशाला असेल?

ते प्रॉपर्टी रेकॉर्ड कार्ड असेसरच्या (घरांच्या किमती ठरवणारा टाऊनचा अधिकारी) ऑफिसातून मागून घ्या, आपला हक्क आहे तो. स्क्वेअर फूट, बाथरूम, डेक, फायरप्लेस, सगळं एकेक ओळ ताडून बघा.

आणि मग इन्फॉर्मल मीटिंग, याला पूर्ण पाच स्टार. पत्रातच लिहिलेलं असतं की अपॉइंटमेंट घ्या, तरी अर्धे लोक घेत नाहीत. वकील नाही, फी नाही, कंपनीचा माणूस समोर बसतो. मी कार्डाची कॉपी आणि बेसमेंटचे फोटो घेऊन गेलो, त्याने कीबोर्ड बडवला, नंतर पत्र आलं ६ लाख ५ हजार. शेजारच्या टेबलवर एक काका फार तावातावाने सांगत होते की रिटायर झालोय, एवढा टॅक्स परवडत नाही. खरं असेल, पण तिथे त्याचा काही उपयोग नाही. टॅक्स किती हा विषयच नसतो, घर कितीला विकलं जाईल एवढाच प्रश्न असतो, तोही आधीच्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला कितीला. शेजाऱ्याचं असेसमेंट कमी आहे हेसुद्धा पुरावा म्हणून चालत नाही.

मला ६ लाख ५ पण जास्त वाटत होते म्हणून काउंटी टॅक्स बोर्डाकडे अपील केलं. एरवी बहुतेक काउंटीत मुदत १ एप्रिल असते, रिव्हॅलच्या वर्षी १ मे (मॉनमथवाले, तुमचं कॅलेंडर वेगळं आहे, जानेवारीतच बघा). फी असेसमेंटवर, दीड लाखाच्या आत ५ डॉलर, पाच लाखापर्यंत २५, दहा लाखापर्यंत १००, त्यावर १५०. पहिल्या क्वार्टरपर्यंतचा टॅक्स भरलेला पाहिजे, म्हणजे निषेध म्हणून बिल अडवून ठेवलं तर अपीलच बाद. किमान तीन कॉम्प्स द्या, म्हणजे तुमच्यासारखी खरोखर विकली गेलेली घरं, ऑनलाईन साईटचा अंदाज नव्हे, आणि ते कागद सुनावणीच्या सात दिवस आधी असेसरलाही पोचले पाहिजेत.

एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. इतर वर्षी चॅप्टर १२३ नावाचा नियम असतो, टाऊनच्या सरासरी रेशोच्या (असेसमेंट हे विक्रीच्या किमतीच्या किती टक्के आहे त्याच्या) वरखाली १५ टक्क्यांचा पट्टा, तुम्ही त्या पट्ट्यात बसलात तर किंमत थोडी चुकलेली असली तरी काही मिळत नाही. रिव्हॅलच्या वर्षी हा पट्टा लागू नसतो. म्हणजे भांडायचं असेल तर हेच वर्ष. मात्र बोर्ड किंमत वाढवूही शकतं, त्यामुळे तुमचं घर स्वस्तात सुटलं असेल तर गप्प बसा.

सुनावणी काही मिनिटांत संपली. माझ्या कॉम्प्सवरून ५ लाख ९० निघत होते, पण असेसरचा आकडा बरोबर धरूनच सुरुवात होते, चुकीचा आहे हे आपण सिद्ध करायचं, आणि एवढ्या फरकाला बोर्डाने भीक घातली नाही. ६ लाख ५ कायम. माणसं सभ्य होती, ऐकून घेतलं, तीन स्टार. पुढे ४५ दिवसांत टॅक्स कोर्टात जाता येतं, मी नाही गेलो. वाचणारा टॅक्स आणि अप्रेझरची (घराची किंमत काढून देणारा तज्ज्ञ) फी यांचं गणितच बसत नव्हतं, कारण अप्रेझरचा नुसता रिपोर्ट चालत नाही, त्याला स्वतः हजर राहावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. फरक मोठा असेल तर मात्र जा, जिंकलात तर सहसा ती किंमत पुढची दोन वर्षंही गोठते.

वकिलांची पत्रं येतील ढिगाने, वाचलेल्या टॅक्सचा वाटा घेऊ म्हणणारी. घर स्वतःच्या नावावर असेल तर बोर्डापुढे स्वतः उभं राहता येतं. एलएलसीच्या (कंपनीच्या) नावावर घर घेऊन भाड्याने दिलंय त्यांनी मात्र वकील लागतो का ते बोर्डाकडे आधीच विचारून घ्या.