रोजचा परफॉर्मन्स टायर की ट्रॅकचा सेमी-स्लिक?

टॉप स्पीड वाढेल या आशेने कुणी सेमी-स्लिक, म्हणजे चिकट रबराचा आणि कमी नक्षीचा ट्रॅकचा टायर, घेणार असेल, तर पैसे वाचवा. टॉप स्पीड ठरतो तो इंजिनाची ताकद आणि हवेचा विरोध यांच्या रस्सीखेचीत. ताशी २५० वरून ३०० किलोमीटरवर जायचं तर हवा कापायला लागणारी ताकद सुमारे पावणेदोन पट होते. या हिशोबात चिकट रबर काहीच भर घालत नाही, आणि टायर जास्त रुंद असेल तर तो हवेला आणखी अडतो. टायरच्या हातात एकच गोष्ट असते : तो वेग झेपेल की नाही.

का झेपत नाही, ते बघा. ताशी ३०० ला टायरच्या पृष्ठभागावरचं एक ग्रॅम रबर सुमारे दोन किलो वजनाच्या जोराने बाहेर ओढलं जातं. बुगाटी व्हेरॉन सुपर स्पोर्टने २०१० मध्ये ४३१ चा विक्रम केला, पण नेहमीच्या ग्राहकांच्या गाड्या टायर सांभाळण्यासाठी ४१५ वर रोखल्या होत्या. २०१९ मध्ये ड्रायव्हर अँडी वॉलेसने जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या ट्रॅकवर बुगाटीचीच शिरॉन ४९० पर्यंत नेली, तेव्हा तिचे मिशेलिन पायलट स्पोर्ट कप २ खास बळकट केलेले होते आणि बसवण्याआधी त्यांचा एक्स-रे काढला होता. दुकानात मिळणाऱ्या कप २ चं आणि त्यांचं नाव एक, पण घडण वेगळी.

म्हणून तुलना सुरू होते टायरच्या बाजूवरच्या अक्षरांपासून. समजा लिहिलंय २४५/३५ आर १९ ९३वाय. आधीचे आकडे मापाचे, आपल्याला हवं ते शेवटचं ९३वाय. वाय म्हणजे कमाल ३००, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. ९३ म्हणजे एका टायरवर ६५० किलो. मेख अशी की वाय टायर हे पूर्ण वजन २७० पर्यंतच पेलतो. ३०० ला त्याच्या ८५ टक्केच, म्हणजे साधारण ५५० किलो. ९३वाय कंसात छापलेलं असेल तर टायर ३०० च्या पुढेही चालतो, पण किती पुढे ते कंपनीलाच विचारावं लागतं. या परीक्षेत दोन्ही प्रकारचे टायर सहसा पास होतात. खरा फरक पुढे आहे.

पायलट स्पोर्ट ४एससारखा रस्त्याचा टायर पहिल्या वळणापासून पकड देतो. कप २ किंवा पिरेली ट्रोफेओ आर यांसारख्या सेमी-स्लिकना आधी तापवावं लागतं. थंड असताना ते रस्त्याच्या टायरपेक्षा वाईटही वागतात, आणि गॅरेजमधून निघाल्यावरची पहिली काही मिनिटं नेमकी तीच असतात. एकदा तापले की मात्र चित्र पालटतं : ब्रेक उशिरा मारता येतो, वळणात स्टिअरिंग नेमकं लागतं, लॅपमागून लॅप पकड टिकते. रस्त्याचा टायर ट्रॅकवर चार-पाच जोरदार लॅप झाले की जास्त तापून घसरू लागतो. ज्याने हा फरक एकदा अनुभवलाय त्याला सेमी-स्लिकचा मोह का होतो ते मला कळतं.

पण पाऊस? सेमी-स्लिकवर नक्षी कमी, खाचा थोड्या. साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो, आणि अर्धा झिजल्यावर तर फारच लवकर. झीज बघायची तर बाजूवरचा ट्रेडवेअर आकडा पाहा, जितका मोठा तितका टायर जास्त टिकतो : ४एसला ३००, कप २ ला १८०, ट्रोफेओ आरला ६०. हे आकडे कंपन्या स्वतःच देतात, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना अंदाजापुरतीच धरा. ट्रॅकवरून घरी परतताना मऊ झालेलं रबर रस्त्यावरचे खडे उचलतं आणि ते मडगार्डच्या आत टपटप आपटत राहतात. काहींना तो आवाज आवडतो. शेजारी बसलेल्याला बहुधा नाही.

टायरमधल्या हवेच्या बाबतीत तर ट्रॅक आणि टॉप स्पीड या दोन्ही हौशी एकमेकींच्या उलट आहेत. ट्रॅकवर टायर तापून हवेचा दाब चार-पाच पीएसआय सहज चढतो, म्हणून लोक थंड टायरमध्ये मुद्दाम कमी हवा ठेवतात. सरळ रेषेत टॉप स्पीड गाठताना हेच जिवावर बेतू शकतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. वेग वाढत गेला की ती सरळ व्हायच्या आत पुन्हा दबते, रबरात लाट उठते, उष्णता साठते आणि थर सुटू लागतात. त्यामुळे तिथे गाडीच्या पुस्तिकेत जास्त वेगासाठी दिलेला दाबच भरायचा.

तिसरा पर्याय, परफॉर्मन्स ऑल-सीझन, फक्त कडक थंडीत एकाच जोडावर वर्ष काढणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी तिकडे बघू नये.

माझं मत : वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जात असाल तर रस्त्याचा टायर घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगले ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल टाका. महिन्यातून एकदा जात असाल तर सेमी-स्लिक घ्या, पण वेगळ्या रिम्सवर. एकच जोड ठेवायचा आणि पावसातही गाडी काढायची असेल, तर सेमी-स्लिक नकोच. पोर्शेचा एन किंवा बीएमडब्ल्यूचा तारा, म्हणजे टायर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवल्याची खूण, असलेली आवृत्ती मूळ गाडीवर असेल तर तीच मागा. त्याच नावाचा साधा टायर आतून वेगळा असू शकतो.

आणि पैसे देण्याआधी टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. सेमी-स्लिक वापरलेला घेणार असाल तर हे आधी बघा, नक्षी नंतर. कमी फिरणाऱ्या गाडीवर असा टायर गोटा व्हायच्या कितीतरी आधी कडक होतो.