मोफत वकील मिळतो, पण पुढे काय? विधी सेवा प्राधिकरणाच्या सेवेचं परीक्षण

प्रत्येक जिल्हा न्यायालयात ‘जिल्हा विधी सेवा प्राधिकरण’ अशी पाटी असते. लोकअदालतीची नोटीस आली की माणसं त्या दारात जातात, एरवी ते दार ओलांडून पुढे जातात. तिथे मिळणारी खरी गोष्ट मात्र लोकअदालत नाही. आपली केस चालवणारा वकील, कोर्ट फी, नकलांचा आणि साक्षीदारांचा खर्च, गरज पडली तर कागदांचं भाषांतर, हे सगळं तिथे सरकारी पैशाने होतं. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तालुका समितीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्याची साखळी आहे.

आमचं मत आधीच सांगतो. आरोपीच्या बचावासाठी ही सेवा पूर्वीपेक्षा बरीच भरवशाची झाली आहे. दिवाणी आणि कौटुंबिक केसमध्ये ती वाट्याला येणाऱ्या वकिलावर आणि तुमच्या पाठपुराव्यावर ठरते. मुदतीचं भान सुटलं, तर मोफत वकील मिळूनही केस हातची जाते.

सर्वांत मोठा गैरसमज उत्पन्नाचा. ‘आम्ही काही दारिद्र्यरेषेखाली नाही’ म्हणून कितीतरी लोक अर्जच करत नाहीत. कायद्याच्या कलम १२ मधली यादी त्यांनी एकदा वाचावी. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीचे बळी, पूर-दुष्काळ-भूकंप-जातीय अत्याचार यांत सापडलेले लोक आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्नाची अट नाही. अट उरलेल्यांना आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांच्या आत हवं, सर्वोच्च न्यायालयातल्या केससाठी ५ लाखांच्या आत. म्हणजे बँकेत चांगल्या पगारावर असलेली बाईसुद्धा पोटगीच्या किंवा घटस्फोटाच्या केससाठी वकील मागू शकते. तिच्याकडे कुणी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला, तर ‘कलम १२ खाली, स्त्री म्हणून अर्ज करत आहे’ एवढं वाक्य अर्जात लिहावं; दाखला लागत नाही. उत्पन्नाच्या आधारावर अर्ज असेल तर कलम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रही ग्राह्य धरता येतं, ते खोटं वाटण्याजोगं कारण नसेल तर. तरी दाखला हाताशी असेल तर जोडलेला बरा, म्हणजे खिडकीवर वाद होत नाही.

हे दार किती रुंद आहे ते बाहेर पाहिलं की कळतं. इंग्लंडमध्ये १९४९ पासून विधी साहाय्य आहे, पण उत्पन्नाची आणि केसमध्ये दम आहे का याची तपासणी होते. २०१२ च्या कायद्याने तर नवरा-बायकोमधले बहुतेक खासगी वाद त्या योजनेतून काढूनच टाकले. घरगुती हिंसाचाराचा पुरावा देता आला तर वाट उघडते. अमेरिकेत १९६३ च्या गिडियन निकालामुळे फौजदारी आरोपीला वकील मिळण्याचा हक्क पक्का झाला, दिवाणी केसमध्ये मात्र तसा सरसकट हक्क नाही. दक्षिण आफ्रिकेने पगारी वकिलांची स्थानिक कार्यालयं उभी केली. आपल्याकडे कागदावरची पात्रता या सगळ्यांपेक्षा मोकळी आहे. अडचण दाराशी येत नाही, आत गेल्यावर येते.

अर्ज ज्या कोर्टात केस आहे किंवा दाखल करायची आहे तिथे करावा. तालुक्याचं कोर्ट असेल तर तालुका विधी सेवा समिती, जिल्ह्याचं असेल तर जिल्हा प्राधिकरण. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या समित्या वेगळ्या आहेत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे नालसाच्या, संकेतस्थळावरूनही अर्ज जातो, आणि १५१०० हा मदतीचा दूरध्वनी देशभर एकच आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेण्याची जबाबदारी कार्यालयाची आहे. अर्ज मराठीत चालतो.

कागद दोन संच करून न्यावेत. ओळखपत्र, लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला, आलेलं समन्स किंवा नोटीस, आधीचे आदेश, आणि सोबत एका पानावर तारीखवार हकीकत: काय घडलं, कधी घडलं, कोणता कागद कशाला आधार. हे पान अर्जाच्या नमुन्यात मागितलेलं नसतं, पण वकिलाचं पहिलं मत त्यावरूनच बनतं. ते नसलं की पहिल्या दोन भेटी हकीकत सांगण्यातच जातात. दुसऱ्या संचावर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. नालसाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणे अर्जावर सात दिवसांच्या आत निर्णय व्हायला हवा, आणि ते सात दिवस कधी सुरू झाले ते फक्त त्या पोचेवरून सिद्ध होतं. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागावं. त्यावर अध्यक्षांकडे अपील करता येतं. जिल्ह्यात अध्यक्ष म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश. रोजचा कारभार सचिव पाहतात आणि तेही न्यायाधीशच असतात. हे लक्षात ठेवलं की तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न उरत नाही.

आता फौजदारी बाजू. इथे २०२२ च्या योजनेने चित्र पालटलं. त्याआधी आरोपीला प्राधिकरणाच्या पॅनलवरचा, म्हणजे वकिलांच्या यादीतला, एखादा वकील नेमून दिला जाई; तो आपली खासगी कामं सांभाळून येई. आता जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालय आहे. मुख्य लोक अभिरक्षकाला किमान १० वर्षांचा आणि उपमुख्याला किमान ७ वर्षांचा फौजदारी वकिलीचा अनुभव लागतो, त्यांच्या हाताखाली सहायक असतात. सगळे पूर्णवेळ, ठरलेल्या मानधनावर. खासगी वकिली करायला बंदी. याचा फायदा पहिल्या रिमांडलाच दिसतो. वकील कोर्टाच्या आवारातच असतो, जामिनाचा अर्ज तयार व्हायला वेळ लागत नाही, आणि ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणाऱ्या जामिनाची तारीख मोजणारं कुणीतरी असतं. ही तारीख हुकली आणि दरम्यान दोषारोपपत्र दाखल झालं, तर तो हक्क जातो. खासगी वकील परवडत नाही म्हणून तो गमावणारे आरोपी पूर्वी किती असतील याचा विचार करूनच अस्वस्थ व्हायला होतं.

उणीव एक आहे, तीही नीट समजून घ्यावी. हे कार्यालय आरोपीच्या बचावासाठी आहे. फिर्यादीला किंवा पीडितेला सरकारी वकिलाला साथ देणारा स्वतंत्र वकील हवा असेल, तर तिने प्राधिकरणाकडे पॅनलवरच्या वकिलासाठी वेगळा अर्ज करावा. बलात्कार, ॲसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेतलं अर्थसाहाय्यही जिल्हा प्राधिकरणाकडूनच मंजूर होतं, म्हणून दोन्ही अर्ज एकाच फेरीत द्यावेत.

या हक्काचा पाया घालण्यात महाराष्ट्रातल्या केसचा वाटा मोठा आहे. १९७८ च्या होसकोट निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, अपिलासाठी वकीलही. १९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल लिहिलेल्या पत्रावरून आदेश झाला, की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं. अटकेच्या वेळी नातेवाइकांनी ठाण्यात हीच मागणी करावी: प्राधिकरणाला कळवलं का, आणि त्याची नोंद कुठे आहे?

दिवाणी आणि कौटुंबिक केसमध्ये अजून पॅनलचीच पद्धत आहे, आणि सेवेची खरी कसोटी इथे लागते. पॅनलवर यायला किमान तीन वर्षांची वकिली लागते. मोबदला टप्प्याटप्प्याने मिळतो आणि तो बाजारभावाच्या जवळपासही नसतो. त्यामुळे ज्याची स्वतःची वकिली जोरात आहे तो पॅनलकडे वळत नाही, आणि वळलेल्यांपैकी काही जण ही फाइल सर्वांत शेवटी उघडतात. मनापासून काम करणारे वकीलही पॅनलवर आहेत. कोण कसं, हे कोर्टात चार तारखा बसलं की दिसतं. पॅनलवरच्या विशिष्ट वकिलाचं नाव अर्जात सुचवता येतं आणि सचिव ते विचारात घेऊ शकतात. बहुतेक अर्जदारांना हे माहीत नसतं. वाटपाच्या केसला वाटपाचे दावे चालवणारा आणि पोटगीच्या केसला कौटुंबिक न्यायालयात उभा राहणारा वकील मागावा.

वकीलपत्रावर सही केल्यावर केसचा १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहून घ्यावा. ई-कोर्टच्या ॲपवर त्यावरून पुढची तारीख, त्या दिवशी काय काम झालं आणि आदेश दिसतात. ‘वकील गैरहजर’ अशी नोंद दुसऱ्यांदा दिसली तर वाट पाहू नये. त्या दोन तारखा नमूद करून वकील बदलून मिळावा असा लेखी अर्ज सचिवांकडे द्यावा, आणि जुन्या वकिलाकडून फाइल परत मिळवून देण्याची विनंती त्याच अर्जात करावी. तोंडी कुरकुरीचा उपयोग होत नाही. टायपिंग, झेरॉक्स, पेट्रोल अशा कोणत्याही नावाने वकिलाने पैसे मागितले, तर ते नियमाविरुद्ध आहे. अशी तक्रार पुराव्यासह आली की त्याला पॅनलवरून काढता येतं.

आणि मुदत. सर्वाधिक नुकसान इथेच होतं. विधी साहाय्याचा अर्ज केला म्हणजे कोर्टाचं घड्याळ थांबत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते, कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दिवाणी अपील जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. शिक्षेविरुद्धचं अपील सत्र न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ६० दिवसांत. समन्स हातात पडल्यावर महिनाभर ‘वकील मिळेल’ म्हणून थांबलेला माणूस पहिल्याच पायरीवर घसरतो. म्हणून अर्जाच्या पहिल्या ओळीत शेवटची तारीख ठळक लिहावी, आणि वकील नेमला गेला नसेल तरी तारखेला स्वतः उभं राहून ‘विधी साहाय्याचा अर्ज केला आहे, मुदत मिळावी’ असा अर्ज पोचेसह द्यावा. निकाल लागला की लगेच नकलेसाठी अर्ज करावा. प्रमाणित नक्कल मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. नकलेचा अर्ज करण्याआधी घालवलेले दिवस मात्र वजा होत नाहीत.

लोकअदालतीबद्दल थोडक्यात. चेक न वटल्याच्या केस, मोटार अपघाताची भरपाई, बँकेची वसुली यांसाठी ती उत्तम. तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. पण तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर काय, आणि रक्कम फिटल्यावर बँक ‘येणे बाकी नाही’ असा दाखला किती दिवसांत देईल, हे तिन्ही कागदावर हवं. घाईत या ओळी राहतात आणि मग निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करण्याची वेळ येते. केस दाखल होण्याआधीच लोकअदालतीसाठी येणारी दाखलपूर्व नोटीस म्हणजे समन्स नव्हे. तिला हजर न राहिल्याने तुमच्याविरुद्ध निकाल लागत नाही, तडजोड नकोशी असेल तर तसं सांगून उठता येतं.

केस दुसऱ्या राज्यात असलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावं. लग्न होऊन सुरतेला किंवा इंदूरला गेलेल्या मुलीवर तिथल्या कोर्टात दावा झाला, तर तिचा अर्ज तिथल्या जिल्हा प्राधिकरणाकडे जातो. कलम १२ देशभर तेच. माहेरी बसून नालसाच्या संकेतस्थळावरून तो भरता येतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तर मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. त्याचा खर्च समिती उचलते, पण भाषांतराला आठवडे जातात. तेव्हा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामाची कोर्टातली नोंद), साक्षी आणि निकाल यांच्या नकला उच्च न्यायालयाचा निकाल लागायच्या आधीच हाताशी ठेवाव्यात, आणि सुवाच्य हव्यात. पुसट झेरॉक्स भाषांतरकाराकडून परत येते.