प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर : नऊ महिने वापरल्यावर

गेल्या मे महिन्यात आमच्या ४२० चौरस फुटांच्या फ्लॅटचं लाईट बिल ३,१४० रुपये आलं. त्याआधीची बिलं अकराशेच्या आगेमागे असायची, युनिट ११० ते १२०. या वेळी २७४. घरात एसी नाही, कूलर नाही, वॉशिंग मशीनसुद्धा नाही. रंकाळ्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, नवरा, मुलगी आणि एप्रिलपासून सासूबाई. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या गावाहून आमच्याकडे आल्या आहेत.

मी एका दुकानात हिशेब लिहिते, त्यामुळे आधी बिलच ओळ न् ओळ वाचलं. मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी, मीटरचा फोटो, सगळं बरोबर होतं. सरासरीचं बिल नव्हतं, थकबाकी नव्हती. दुप्पट वीज वापरल्यावर बिल तिप्पट का झालं, तेही तिथेच कळलं. पहिल्या १०० युनिटचा दर एक आणि १०१ ते ३०० चा जवळजवळ दुप्पट. त्यात स्थिर आकार, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. शंभरच्या पुढचं प्रत्येक युनिट आम्हाला सगळं धरून १३ रुपयांच्या आसपास पडतं. हा आकडा एकदा काढून ठेवला की पुढचं सगळं गणित सोपं जातं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, मीटरच पळायलाय तुमचं." वीज कंपनीच्या खिडकीवर चौकशी केली तर मीटर तपासायचा अर्ज करा, फी भरा, असं सांगितलं. अर्ज करावा असं वाटतही होतं. पण त्या आठवड्यात घरात एक गोष्ट झाली आणि ती मला फार लागली. दुपारी कामावरून लवकर आले तर सासूबाई पंखा बंद करून पदरानं वारा घेत बसल्या होत्या. मे महिन्यातली दुपार, वळीव यायच्या आधीचं उकडणं. मी पंखा लावायला गेले तर म्हणाल्या, "असू दे, मला काय उकडत न्हाई गं." बिलाबद्दल आम्ही दोघं रात्री बोललो होतो ते त्यांनी ऐकलं होतं. माझ्यामुळंच बिल वाढलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलेलं होतं. त्याच संध्याकाळी ठरवलं की आता अंदाज बास, मोजूनच बघायचं.

वॅटमीटर म्हणजे एक ठोकळा. भिंतीतल्या प्लगमध्ये तो घालायचा आणि त्याच्यात वस्तूची पिन घालायची. किती वॅट चालू आहेत, किती तासांत किती युनिट झाली, ते पडद्यावर दिसतं. मी आधी ६ अँपिअरचा छोटा आणला, ती चूक झाली. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांना तो चालत नाही आणि चालवायचाही नाही, तापतो. बदलून १६ अँपिअरचा, जाड पिनांचा घेतला. अकराशेच्या आत मिळाला.

पहिल्या दिवशी मी सगळ्या घरभर फिरवला. मिक्सरची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, कारण त्याच महिन्यात वर्षाची चटणी केली होती. पण मिक्सर दहा मिनिटं चालला तरी युनिटच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही जात नाही. इस्त्री वीस मिनिटांना एक तृतीयांश युनिट. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी सेट टॉप बॉक्स १२ वॅट खात बसलेला असतो, ती महिन्याला सहा-सात युनिट. रोजच्या रोज बटण बंद करायची सवय लावली.

फ्रिजला मीटर सगळ्यात शेवटी लावला, कारण फ्रिजवर कुणाचाच संशय नव्हता. चौदा वर्षांचा एकदारी फ्रिज, पहिल्यापासून तसाच चालतोय. चोवीस तासांनी पडद्यावर आकडा होता ३.४ युनिट. मी परत चोवीस तास लावला. ३.३. म्हणजे महिन्याला शंभर युनिट नुसता फ्रिजच खात होता.

कारण डोळ्यासमोरच होतं. सासूबाईंची कॉट हॉलमध्ये बसवायची म्हणून एप्रिलमध्ये आम्हीच फ्रिज कोपऱ्यात ढकलला होता. मागची काळी जाळी भिंतीला टेकली होती. त्या जाळीतूनच फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, तिला हवा लागली नाही तर कॉम्प्रेसर थांबत नाही. मागे हात घातला तर भिंत चांगलीच तापलेली. फ्रिज अर्धा फूट पुढं ओढला, दुसऱ्या दिवशी २.३. मग दाराच्या फटीत दहाची नोट ठेवून दार लावलं आणि ओढून पाहिली. वरच्या बाजूला नोट अडकून राहते, खालच्या कोपऱ्यात अलगद बाहेर येते. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं खाली बसून बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, रबर गेलंय हितलं. गार हवा सगळी बाहेर निघालीय, मग ह्यो बंदच हुईना." रबर बदलायचे ७५० घेतले. त्यानंतरचा चोवीस तासांचा आकडा १.४. म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ वाचली.

इथं एक सांगते. फ्रिज पाच-दहा मिनिटं मोजून काही कळत नाही. कॉम्प्रेसर चालू असताना पाहिलं तर जास्त दिसतं, बंद असताना पाहिलं तर शून्याच्या जवळ. पूर्ण चोवीस तास हवेत, आणि त्या दिवशी घरात नेहमीसारखी उघडझाक चालू हवी.

गीझर पंधरा लिटरचा, २००० वॅटचा. सासूबाईंना शेकायला पाणी लागतं म्हणून आम्ही तो दिवसभर चालूच ठेवत होतो. एका रविवारी सगळे गावाला गेलो होतो तेव्हा मुद्दाम चालू ठेवून मीटर लावला. एक थेंब पाणी न वापरता ०.९ युनिट. टाकीतलं पाणी निवतं, थर्मोस्टॅट गीझर परत चालू करतो, असं दिवसभर चालू असतं. आता सकाळी वीस मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं, आणि शेकायचं पाणी थर्मासमध्ये भरून ठेवते. गीझरला मीटर लावायचा तर ओल्या हातानं त्याला अजिबात हात लावू नका, आणि काम झालं की काढून ठेवा. बाथरूममध्ये कायमचा ठेवायची ती वस्तू नव्हे.

पंखे आणि ट्यूब या मीटरनं मोजता येत नाहीत, कारण त्यांना पिन नसते. त्यासाठी पार्किंगमधला आपला मुख्य मीटरच कामाला येतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला बारीक अक्षरात आकडा असतो, आमच्यावर ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट. हिशेबाला सोपं करून सांगायचं तर अशा मीटरवर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, वॅट येतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर २२५० ला भागा. एका सकाळी नवरा फोनचं घड्याळ घेऊन खाली उभा राहिला आणि मी वर एकेक बटण लावत गेले. आधी सगळं बंद केलं, फ्रिज आणि राउटरसुद्धा. दिवा एकदाही लागला नाही. म्हणजे लाईन कुठं गळत नव्हती आणि दुसऱ्या कुणाचं कनेक्शनही आमच्या मीटरवर नव्हतं. मीटर पळतोय ही शंकाही गेली, कारण फ्रिज एकटा लावल्यावर खालच्या दिव्याचा हिशेब आणि वरच्या वॅटमीटरचा आकडा जुळला. मीटर तपासायचे पैसे भरण्याआधी प्रत्येकानं एवढं करून बघावं असं मला मनापासून वाटतं. सगळं बंद करूनही दिवा लागत राहिला तर मात्र लगेच वायरमनला बोलवा.

हॉलमधल्या जुन्या पंख्याची लुकलुक पंधरा सेकंदांना होती, म्हणजे ७५ वॅट. दिवसरात्र बावीस तास धरले तरी पावणेदोन युनिटच्या आतच. फ्रिज आधी खात होता त्याच्या अर्ध्याहून कमी. हा हिशेब मी सासूबाईंसमोर वहीत मांडला आणि त्यांना वाचून दाखवला. त्यांनी वही हातात घेतली, फ्रिजच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजे माझी कॉट ठेवली म्हणून." मी म्हटलं, "कॉटमुळं नाही आई, आम्ही भिंतीला लावून ठेवला म्हणून." पंखा त्या दिवसापासून बंद झालेला नाही.

ऑगस्टमध्ये हॉलला बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा बसवला, २,९०० रुपये. पूर्ण वेगात ३२ वॅट, तिसऱ्या नंबरवर १४-१५. महिन्याला अठ्ठावीस युनिटच्या आसपास वाचतात, म्हणजे पैसे आठ महिन्यांत वसूल. वारा जुन्याइतकाच आहे. सासूबाईंना अंथरुणातूनच रिमोटनं वेग कमी-जास्त करता येतो, हा मला विजेपेक्षाही मोठा फायदा वाटतो. बेडरूममधला पंखा फक्त रात्री चालतो, तो बदलायची घाई नाही.

आता वॅटमीटरच्या तक्रारी. मी घेतलेल्याच्या पडद्याला उजेड नाही, फ्रिजमागच्या अंधारात आकडा दिसत नाही, टॉर्च लावावा लागतो. आकार एवढा मोठा की शेजारचा प्लग झाकला जातो. पाच वॅटच्या खालचं काही तो मोजत नाही, मोबाईलचा नुसता चार्जर लावला की शून्य दाखवतो. आणि लाईट गेली की जमा झालेली युनिटं पुसली जातात. पावसाळ्यात माझे तीन दिवसांचे आकडे असे गेले. आत बटण सेल असलेले मीटरही मिळतात, दीडशे-दोनशे जास्त पडले तरी तसलाच घ्या. नऊ महिन्यांत बिघडला मात्र नाही.

बिलं अशी आली : जुलै १८२ युनिट, सप्टेंबर १४६, डिसेंबरात थंडीमुळं गीझर वाढून १६३, फेब्रुवारी १३९. घरात एक माणूस वाढलंय, त्यामुळे आधीच्या ११०-१२० वर परत जाणार नाही आणि त्यासाठी मी ओढाताणही करणार नाही. बिल चौदाशेच्या आसपास स्थिर आहे.

परवा शेजारच्या काकू मीटर मागून घेऊन गेल्या. त्यांना वहीतलं एक पान फाडून दिलं : आधी फ्रिज, पूर्ण चोवीस तास, आणि रात्री झोपायच्या आधी आकडा लिहून ठेवा, लाईट गेली तर जाईल.